पंखा कधी फिरवायचा?

३० मे २०२४ ला नागपूरचं तापमान ५६ अंश झालं. आठवतंय? पुण्यातल्या, बंगलोरमधल्या मित्रांचे फोन आले, "जिवंत आहेस ना बे?" म्हणून. नागपूर परिसरातल्या चार स्वयंचलित केंद्रांपैकी एकाने ५६ दाखवलं, दुसऱ्याने ५४, आणि उरलेली दोन बिचारी ४४ वर शांत बसून होती. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. म्हणजे नागपूरकरांचा खरा अभिमान अजून मे २०१३ च्या ४७.९ अंशांवरच अडकलेला आहे :-)

ह्या बातमीची सगळ्यात जास्त मजा बहुतेक आम्हा दोघांनी घेतली असेल. मी आणि काका. कारण त्याच नवतप्यात आम्ही एका गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत बसून नेमका हाच विचार करत होतो, की एका सेन्सरच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? आणि तो खोटं बोलला तर काय व्हायला पाहिजे?

आमचा विषय मात्र फारच छोटा होता. एक पंखा. १२ व्होल्टचा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो तसला. तो कधी चालू करायचा आणि कधी बंद, एवढंच.

आता हे काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते हॅम आहेत. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले: परीक्षा देऊन, केंद्र सरकारकडून लायसन्स घेऊन, स्वतःच्या घरून वायरलेसवर बोलणारे लोक. आपल्याकडे त्यांची कॉलसाइन साधारण व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होते. मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं विचारणाऱ्यांना काका २००४ ची त्सुनामी सांगतात. त्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची टीम भारती प्रसाद यांच्यासोबत पोर्ट ब्लेअरला हौसेखातरच रेडिओ लावून बसली होती. २६ तारखेला समुद्र आत आला, फोन गेले, आणि त्याच रेडिओवरून अंदमानातल्या लोकांचे निरोप बाहेर जाऊ लागले.

तर काकांकडे रिपीटर आहे. हातातला वॉकीटॉकी ५ वॉटचा. मध्ये चार इमारती आल्या की संपला. रिपीटर उंचावर बसतो, तुमचा बारीक आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत बोलतो. म्हणजे शहराच्या दोन टोकांचे लोक एकमेकांशी बोलू शकतात.

आता गंमत बघा. तुमच्या-माझ्या वॉकीटॉकीला बोलून झालं की आराम असतो. रिपीटरला नाही. कोणीही बोललं तरी बोलायचं त्यालाच असतं. रोज रात्री साडेआठला काकांच्या ग्रुपचं 'नेट' असतं, म्हणजे हजेरी. एकेक कॉलसाइन पुकारायची, ज्याने त्याने हजर म्हणायचं, मग तब्येत, पाऊस, बीपीच्या गोळ्या, अँटेना, परत गोळ्या. अर्धा-पाऊण तास रिपीटर जवळजवळ सलग बोलत असतो. ह्यातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यातले तीन-चार एकटे राहतात, मुलं परदेशात. एखादा दोन दिवस हजेरीला नसला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी स्कूटर काढून त्याच्या घरी जातं. असं दोनदा झालं आहे, आणि दोन्ही वेळा जाणं गरजेचं होतं. म्हणून रिपीटर बंद पडणं म्हणजे नुसता छंद बंद पडणं नव्हे, हे आधी सांगून ठेवतो.

मग गरम किती होतं? साधा हिशोब. ट्रान्समीटर २५ वॉट बाहेर टाकतो, त्यासाठी १३.८ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर घेतो. म्हणजे ८३ वॉट आत, २५ बाहेर. उरलेले साठेक वॉट कुठे जातात? हीटसिंकमध्ये. आमच्या हीटसिंकला पंख्याशिवाय दर वॉटमागे ०.८ अंश वाढ होते, पंखा चालू असताना ०.३. म्हणजे सलग बोलत राहिलं तर पंख्याशिवाय ४८ अंश वाढ आणि पंख्यासकट १८. ही वाढ कशावर? तर खोलीच्या तापमानावर! जानेवारीच्या रात्री खोली १० अंशांवर असेल तर पंखा नसतानाही हीटसिंक ५८ ला थांबेल. काही बिघडत नाही. मे महिन्यात टिनाखाली ५० असेल तर पंख्याशिवाय ९८ (चहा ठेवा!) आणि पंख्यासकट ६८.

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, मग लाव ना पंखा चोवीस तास, किती वीज खातो? मीही आधी तेच विचारलं. तो ०.२ अँपिअर खातो. दिवसाचे झाले ४.८ अँपिअर-तास. रिपीटर नुसता कान देऊन बसलेला असताना अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाचे १२. थोडक्यात काय, तर रिकामा फिरणारा पंखा बॅटरीवरचा भार ४० टक्क्यांनी वाढवतो. आणि बॅटरीची खरी गरज कधी लागते? वादळात तारा तुटून वीज गेलेली असते तेव्हा. म्हणजे नेमकं जेव्हा रिपीटर पाहिजे तेव्हाच पंखा त्याचं आयुष्य खात बसतो. शिवाय पंखा नुसती हवा ओढत नाही, उन्हाळ्यातली सगळी धूळही ओढतो. ती फिन्समध्ये गादीसारखी बसते आणि बेअरिंग झिजतं ते वेगळंच.

बरं, कूलर लावायची सूचना आम्हाला किमान सहा जणांनी केली. नागपूर आहे, होणारच. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत वाळ्याचे तट्टे आणि टिल्लू पंप जी जादू करतात तिला तोड नाही. पण ती ओली हवा आणि पाण्यातले क्षार सर्किटवर बसले की दोन पावसाळ्यांत गंज. आणि जुलैत हवा आधीच दमट, तेव्हा कूलर काही करतच नाही. त्यामुळे कूलर आम्ही आमच्यासाठी लावला, रिपीटरसाठी नाही.

मग चालू-बंद करायचं कसं? दोन सरळ रस्ते आहेत, आणि आमचं भांडण इथेच सुरू झालं.

काकांचा रस्ता: ट्रान्समीट सुरू झालं की पंखा सुरू. त्यांच्याकडे त्यासाठी वीसेक वर्षांपूर्वी केलेलं सर्किट होतं. एक मोठा कपॅसिटर, दोन रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर. रिपीटर बोलत असला की कपॅसिटर हळूहळू भरतो, गप्प झाला की त्याहून हळू रिकामा होतो. एका पातळीच्या वर गेला की पंखा चालू. मी ते बघून मनातल्या मनात नमस्कार केला. का? तर हीटसिंकही असंच वागतं! एक किलो अॅल्युमिनियम एक अंश तापायला ९०० ज्यूल लागतात. साठ वॉट टाकले तर मिनिटाला चार अंश. म्हणजे कोणी वीस सेकंद "हॅलो, कसे आहात" म्हणालं तर सव्वा अंश वाढतो, पंख्याची गरजच नाही. सलग बोलत राहिले तर मात्र वाढतच जातो. काकांचा कपॅसिटर म्हणजे हीटसिंकची एक छोटी नक्कल होती. एक ओळ कोड न लिहिता.

पण त्या कपॅसिटरला महिना कळत नाही. जानेवारी आणि मे त्याला सारखेच.

दुसरा रस्ता तापमानाचा. बाजारात दहा-वीस रुपयांना बटणाएवढे थर्मोस्टॅट मिळतात, आत दोन धातूंची पट्टी असते, ४५ अंशांवर टक् करून जोडला जातो. इंटरनेटवर बहुतेक लोक हेच करतात आणि ते बरोबरच आहे, फक्त ते लोक जिथे राहतात तिथे खोली २५ अंशांवर असते. आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये सकाळी दहाला तो थर्मोस्टॅट जोडला जाईल तो रात्रीच सुटेल. कोणी एक शब्द बोललेलं नसताना. आणि तेव्हा पंखा करणार काय? ५० अंशांच्या वस्तूवर ५० अंशांची हवा मारणार. पंखा हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, तो फक्त फरक कमी करतो.

म्हणून मोजायचा तो फरकच. एक सेन्सर हीटसिंकवर, एक खोलीच्या हवेत. हीटसिंक हवेपेक्षा ८ अंशांनी गरम झालं की पंखा चालू, ४ वर आलं की बंद. ८ आणि ४ वेगळे का? एकच आकडा ठेवला तर पंखा तिथेच चालू-बंद-चालू-बंद करत बसतो. ऑफिसमध्ये ज्यांनी सर्व्हरचे अलर्ट रात्रभर येत-जात बघितले आहेत त्यांना हे समजावायची गरज नाही.

ह्यासाठी छोटा मायक्रोकंट्रोलर लागतो. आणि काका नेमके तिथे अडले.

"हे पाय बाबू," ते म्हणाले, "माझा कपॅसिटर खराब झाला तर कोणालाही दिसतो, फुगतो. तुझा प्रोग्राम फुगलेला कसा दिसन?"

मी म्हटलं, "काका, वॉचडॉग असतो ना. प्रोग्राम अडकला की तो रीसेट करतो."

"आणि तू अमेरिकेत गेला तर? तो वॉचडॉग मले फोन करन का?"

मी हसलो, पण ते हसत नव्हते. त्यांचं वय ७६. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यानंतर काही महिने पुण्याला मुलीकडे. गच्चीचा जिना लोखंडी, गोल आणि अरुंद. त्यांच्या डोक्यात प्रश्न ४ अंश की ८ अंश हा नव्हताच. मी वर चढू शकलो नाही तर ह्या पेटीकडे कोण बघणार, आणि त्याला काय समजणार, हा होता.

खरं सांगतो, नोकरीत मला हा प्रश्न इतका सरळ कोणी विचारलेला नाही. तिथे आपण हँडओव्हर डॉक्युमेंट लिहितो, कोणी वाचत नाही, आणि सगळे पुढच्या प्रोजेक्टवर जातात.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी बिघाडांची यादी केली, मग सर्किट.

पहिला बिघाड: कंट्रोलर मेला. त्यासाठी रिले उलटा जोडला. साधारण रिलेला वीज दिली की पंखा चालू होतो. आमच्याकडे रिलेला वीज दिली की पंखा बंद होतो. कंट्रोलर मेला, हँग झाला, त्याची वायर उंदराने खाल्ली, काहीही झालं तरी रिले सुटतो आणि पंखा फिरायला लागतो. पंखा बंद ठेवण्यासाठी कोणीतरी जिवंत असावं लागतं. रिलेची कॉइल ३० मिलिअँपिअर खाते, म्हणजे पंख्याच्या जेमतेम सातवा हिस्सा. परवडतं. मी मॉसफेट सुचवला होता, तो तेवढेही खात नाही. पण काकांना रिलेचा टक् आवाज पाहिजे होता. "आवाज येतो म्हणजे काम करून राहिला," हे त्यांचं तत्त्व.

दुसरा बिघाड: सेन्सर खोटं बोलला. आणि इथे ते ५६ अंश कामाला आले. साध्या थर्मिस्टरची वायर तुटली की नेहमीच्या जोडणीत तो 'प्रचंड थंडी' दाखवतो. म्हणजे पंखा बंद, आणि हीटसिंक खुशाल भाजतंय. डिजिटल सेन्सर घेतला तर त्याची वेगळीच तऱ्हा: डीएस-१८-बी-२० नावाचा जो सगळीकडे मिळतो, तो वीज आल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो. दुसऱ्या कुठे ८५ आलं तर माणूस ओळखेल की काहीतरी गडबड आहे; आमच्या हीटसिंकला ८५ अगदी शोभून दिसतं! आणि तिसरा त्रास फक्त रेडिओवाल्यांचा: सेन्सरची लांब वायर म्हणजे आयती अँटेना. ट्रान्समीटर सुरू झाला की आकडे नाचायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे वायर आखूड, शील्डवाली, त्यावर फेराइटचा मणी आणि सेन्सरजवळ छोटा कपॅसिटर.

हे सगळं केलं तरी नियम एकच ठेवला. आकडा पटण्यासारखा नसेल, दोन सेन्सरचं एकमेकांशी जमत नसेल, तर अंदाज बांधायचा नाही. पंखा चालू करायचा आणि चालूच ठेवायचा.

तिसरा: पंखाच अडकला. मग रिले कितीही टक्टक् करो. त्यासाठी हीटसिंक ७० ला पोचलं की ट्रान्समीटर २५ वरून १० वॉटवर येतो. ऐकणाऱ्याला फरक ४ डेसिबलचा, बहुतेकांना कळतही नाही. उष्णता मात्र साठवरून चाळीसच्या आत येते. आणि त्याच्याही पुढे, ट्रान्समीटर सुरू करणाऱ्या तारेतच तो दहा-वीस रुपयांचा थर्मोस्टॅट, ८५ अंशांना तुटणारा. तिथे ना प्रोग्राम, ना माझं मत. धातूची पट्टी वाकते आणि रिपीटर गप्प होतो.

पंख्याचा वेग कमी-जास्त करायचा मोह मी टाळला. कॉम्प्युटरवाले वीज झपाझप चालू-बंद करून वेग बदलतात. पण त्याची खरखर शेजारच्या रिसीव्हरला ऐकू जाते, आणि तो रिसीव्हर मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा सिग्नल पकडायला बसलेला असतो. कामठीहून येणारा एखाद्या आजोबांचा क्षीण आवाज पंख्याच्या खरखरीत बुडवायचा असेल तर रिपीटर लावायचा कशाला? पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद.

आता राहिला एकच प्रश्न. पंखा अडकला हे कळणार कोणाला? माझ्या डोक्यात अर्थातच डॅशबोर्ड होता. ग्राफ, मोबाइलवर मेसेज, लाल-हिरवे दिवे. (आयटीवाल्याला कुठेही सोडा, तो डॅशबोर्ड बनवेल.) काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंटरनेट कशाला? तो बोलतो ना स्वतः. त्यालेच सांगू दे."

रिपीटर दर थोड्या वेळाने स्वतःची ओळख मोर्समध्ये वाजवतो. त्या ओळखीच्या शेवटी एक अक्षर जोडायचं. पंख्याच्या तिसऱ्या, पिवळ्या वायरवर दर फेरीला दोन पल्स येतात. पंखा चालू असायला पाहिजे आणि पल्स येत नाहीत, तर 'एफ'. डि-डि-डा-डि. तापमान ७० च्या वर, तर 'एच'. डि-डि-डि-डि. बस्. ग्रुपमधल्या जुन्या लोकांनी मोर्सची परीक्षा दिलेली आहे, त्यांना ते कागद-पेन्सिल न घेता कळतं. पंधरा लोक, सगळे कान लावून बसलेले, सगळे फुकट. ह्याहून चांगलं मॉनिटरिंग मी कुठल्याही कंपनीत बघितलेलं नाही.

पहिला 'एफ' आला ऑगस्टमध्ये. काका तेव्हा पुण्यात होते. तो ऐकला गेल्या तीन वर्षांत घराबाहेर न पडलेल्या एका आजोबांनी, दुपारी पावणेचारला. त्यांनी मला फोन केला. आवाजात चिंता कमी आणि उत्साह जास्त: "अरे, तुझा पंखा अडकला! एफ देऊन राहिला, मी दोनदा ऐकला." संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिकडे गेलो. कुंभारीण माशीने पंख्याच्या चौकटीत मातीचं सुबक घर बांधलं होतं आणि त्याचा एक तुकडा पात्यात अडकला होता. ब्रशने साफ केलं, जाळी बदलली, टक्, फिरला. हीटसिंक ५२ वर होतं. काही जळलं नव्हतं, त्या रात्रीचं नेटही झालं. हजेरीत त्या आजोबांचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना पंखा-मंत्री करून टाकलं. ते पद अजून त्यांच्याकडेच आहे आणि ते फार गांभीर्याने घेतात. मध्ये एकदा रात्री सव्वादोनला फोन आला होता, "आज एकही एफ नाही" असं सांगायला.

हिवाळ्यात एक भर घातली. डिसेंबर-जानेवारीत पंखा आठवडेच्या आठवडे फिरत नाही, मग धूळ आणि घट्ट झालेलं तेल मिळून तो जागीच बसतो. म्हणून रोज दुपारी बारा वाजता दोन मिनिटं उगाच फिरवायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने काकांना सांगितलं तेच, हे त्यांनीच फोनवर हसत ऐकवलं.

पेटीच्या दाराला आतून काकांनी एक कागद चिकटवला आहे. प्लास्टिकमध्ये घातलेला, त्यांच्या अक्षरात, मराठीत. सर्किटची आकृती, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते, फ्यूज कितीचा. माझा प्रोग्राम त्यात एका चौकोनात आहे आणि त्यावर फक्त 'मेंदू' असं लिहिलं आहे :-) सगळ्यात खाली, लाल पेनने: "पंखा फिरत नसेल आणि काही समजत नसेल तर मेंदूची वायर काढून टाका. पंखा सुरू होईल. मग सावकाश विचार करा."

मी ती वायर काढून बघितली आहे. होतो सुरू.

असो. आज परत साडेआठचं नेट आहे, आणि काका आता महिन्यातून एकदा, एकेक पायरी करत, वर येऊन पेटी उघडून बघतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरात एखादा जुना बॉल-बेअरिंगवाला ८० मिलिमीटरचा पंखा पडून असेल तर फेकू नका, आम्हाला एक स्पेअर पाहिजे.

७३! (हॅम लोकांच्या भाषेत, लोभ असावा.)